तारखेखालची ओळ

हसवायचं काम मला कुणी दिलं नव्हतं. मीच हौसेनं अंगावर घेतलं, आणि मग ते माझ्याच अंगावर आलं. आता कुणी म्हणालं ना, "साथीच्या दिवसांत तू काय भारी लिहायचास रे, तेवढाच विरंगुळा," की माझं डोकंच सटकतं. विरंगुळा! म्हणून एकदा सगळं टाइप करून टाकतो. नंतर कुणी विचारायचं नाही.

मी दुधाच्या प्लांटमध्ये पिशव्यांवर तारीख छापतो. प्लास्टिकचा रोल वरून सरकत येतो, त्याची पिशवी व्हायच्या आधी माझं मशीन त्याच्यावर फुर्रकन शाईचे ठिपके मारतं. शिकलो कुठे? कुठेच नाही. आधीचा माणूस नोकरी सोडून गेला, मशीनसोबतचं पुस्तक कुणाला वाचता येईना, मी बटणं दाबत बसलो. दाबता दाबता आलं.

तारखेखाली एक ओळ मोकळी असते. पूर्वी तिथं 'नवीन पॅक' वगैरे छापायचे. साथ आली, सगळं बंद झालं, ती ओळ रिकामी पडली. तेव्हा रस्त्यावर कुत्रीसुद्धा एकमेकांपासून लांब बसायची. चालू काय, तर दवाखाने, औषधांची दुकानं आणि आम्ही. एका दुपारी मला ती रिकामी ओळ बघवेना. टाइप केलं, 'दूध तापवा. डोकं थंड ठेवा.' आणि सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातली फोनवाली धावत आली. पिशवीवर तक्रारीसाठी नंबर असतो, तो ही उचलते. वर्षभर बिचारी फक्त 'पिशवी गळते' आणि 'दूध फाटलं' ऐकायची.

"अरे, लोक फोन करून हसतायत," ती म्हणाली. "एकानं तर विचारलं, उद्या काय लिहिणार?"

झालं. मी रोज लिहायला लागलो. 'आजचा प्रवास: हॉल, किचन, परत हॉल. पाणी सोबत ठेवा.' 'केस घरीच कापले? टोपी शोधा.' 'सगळे घरी आहेत. पंखा कोण बंद करत नाही ते आता कळेल.' 'मास्कच्या आत जीभ काढा. कोण बघतंय?' असलं. एक आजी रोज फोन करायच्या. आजोबा अंथरुणाला खिळलेले, त्यांना आजी सकाळी पिशवी वाचून दाखवायच्या आणि मगच कापायच्या. ते ऐकून मला खरंच बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग ते थर्मासच्या कानावर गेलं.

थर्मास म्हणजे आमचा मॅनेजर. हे नाव बॉयलरवाल्या काकांनी ठेवलं होतं. बाहेरून चकचकीत, आत काय आहे पत्ता नाही, आणि आतलं बाहेर कधी येतच नाही. साथ आल्यापासून तो घरून काम करत होता. दुधाचा प्लांट घरून कसा चालवतात मला माहीत नाही, पण तो चालवत होता. त्यानं फोन केला.

"तू लिहितोस ते? छान उपक्रम आहे. आता हा कंपनीचा उपक्रम. रोज झालं पाहिजे. आणि बघ, पॉझिटिव्ह पाहिजे. आजार, मरण, पगार असले शब्द नकोत."

मी म्हटलं, "साहेब, पगार कुठे लिहिलाय मी?"

"लिहू नकोस म्हणून सांगतोय."

आठवड्यात गेटवर फलक लागला. हसणारी गाय, आणि खाली लिहिलंय, 'आम्ही तुम्हाला हसवतो.' आम्ही! हा घरी गादीवर बसून हसवतोय. गायीला बिचारीला मास्कपण घातला होता. आम्हाला कंपनीकडून मास्क मिळायचे होते, घरी शिवलेले चालवत होतो, पण गायीला मिळाला.

आता ट्रायलचं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पाळी सुरू झाली की पहिल्या पिशव्या कधी धड येत नाहीत. शिवण गळते, तोंड वाकडं होतं. त्या ट्रायलच्या. पॅकिंगच्या रांगेतल्या बायका त्या उचलतात, फाडतात आणि दूध ड्रममध्ये ओततात. ते परत मागं तापवायला जातं. वाया जात नाही. रांगेच्या तोंडाशी जी उभी असते ती पिशवी दाबून बघते, आणि शिवण पक्की आली की ओरडते, "माल!" ती 'माल' म्हणेपर्यंत सगळं ट्रायल, मग कुणीही येवो. 'माल' ऐकलं की मी मशीनवरचं बटण दाबतो. मशीनमध्ये दोन खाने आहेत, एक ट्रायलचा, एक मालाचा. तारीख दोन्हीत तीच. ट्रायलच्या खान्यात तारखेखाली नुसतं 'ट्रायल' असायचं.

आणि रांगेच्या तोंडाशी उभी असायची माझी ताई. सख्खी.

मी काय केलं, 'ट्रायल' शब्द काढला आणि तिथं रांगेसाठी लिहायला लागलो. लोकांना गोडगोड ओळ, आणि रांगेला खरी. नाहीतरी फाडायच्याच पिशव्या. 'हात धुवा. साबण संपलाय, आठवणीनं धुवा.' 'आम्ही योद्धे. योद्ध्यांना मास्क उद्या मिळेल.' 'साहेब घरून काम करतात. दूधपण घरूनच पाठवा म्हणावं.'

बायका वाचायच्या, खिदळायच्या आणि फाडायच्या. रांगेत एक सासू होती. कुणाचीच सासू नव्हती, पण सगळ्यांना टोचून बोलायची म्हणून सासू. ती म्हणायची, "फाडा गं लवकर, नाहीतर हा फासावर जायचा." बॉयलरवाले काका मुद्दाम त्या वेळेला यायचे. घामानं निथळत दारात उभे राहायचे. "काय रे छापखाना, आज काय आतली बातमी?" ताई एक पिशवी त्यांच्याकडे टाकायची. ते वाचायचे आणि पोट धरून हसायचे. माझी सगळ्यात भारी ओळ कोणती, हे काकांच्या पोटावरून कळायचं.

पण ताईचं मला टेन्शन होतं. तिला लहानपणापासून दमा. पॅकिंगची खोली म्हणजे बंद डबा, थंड, ओली, खिडक्या सील, आणि बायका खांद्याला खांदा लावून. बाहेर सगळे गोल आखून उभे राहत होते, आणि इथं एकीनं कोपर हलवलं तर पलीकडचीला धक्का. एकेक जण आजारी पडत होती. आजारी पडली की बिनपगारी घरी. ताईच्या ॲप्रनच्या खिशात पंप असायचा. तोंडात पंप मारायची, मास्क वर करायची आणि परत क्रेट. 'माल' हा एवढासा शब्द, तोही तिच्याकडून दोन तुकड्यांत यायचा. "मा..." श्वास. "...ल."

खोलीच्या मागच्या दाराबाहेर क्रेट धुवायची शेड आहे. तीन बाजूंनी उघडी. उन्हाचं काम, अंग भिजतं, पाठ जाते, कुणाला नको असतं. कुणी चुकलं की थर्मास त्याला तिथं पाठवायचा. पण वारा असतो तिथं. शेजारी माणूस नसतो. मला ताईसाठी ती शेड हवी होती. बाकी काही नको होतं मला या कंपनीकडून.

मी फोनवर विचारलं.

"बघतो," थर्मास म्हणाला.

परत विचारलं.

"बघतो म्हटलं ना. आजची ओळ गोड होती हं."

तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणतो, "कुणाचं? तुझ्या... आईचं ना?"

मी फोन ठेवला आणि मशीनच्या पत्र्यावर बुक्की मारली. पत्र्याला काही झालं नाही. हाताला झालं.

मग काका खोकायला लागले.

ते बॉयलरच्या मागं जाऊन खोकायचे, आम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून. बॉयलरच्या आवाजात खोकला लपतो. पण बाहेर आले की डोळे लाल. दारात यायचं बंद केलं त्यांनी, लांबूनच हात करायचे. त्यांनी थर्मासला फोन लावला तेव्हा मी तिथंच होतो, फोन त्यांना नीट दिसत नव्हता म्हणून नंबर मीच लावून दिला होता.

"साहेब, ताप आहे. थोडे दिवस घरी बसतो."

तिकडून आवाज आला, अगदी मऊ. "काका, तुम्हीच असं म्हणालात तर कसं? बॉयलर कोण बघणार? तुमच्याशिवाय तिथं पान हलत नाही. तुम्ही तर आधारस्तंभ."

काकांनी 'बरं' म्हणून फोन ठेवला. मला वाटलं होतं भांडतील. तो नाही म्हणाला असता तर भांडलेही असते. पण त्यानं कौतुक केलं. कौतुकाशी माणूस भांडणार कसा?

"मी सांगू का त्याला?" मी म्हटलं.

"राहू दे," काका म्हणाले. "आधारस्तंभ म्हणाला मला. घरी सांगतो, हसतील."

मी तेव्हा फोन हिसकावून घ्यायला हवा होता. नाही घेतला. याचा मला आजही राग येतो, त्याच्यावर जेवढा येतो तेवढाच.

ते यायचे थांबले तेव्हा कुणीतरी म्हणालं, दवाखान्यात जागा मिळाली, आता बरे होतील. आणि मग एका दुपारी पाळीच्या सुरुवातीला फोनवाली दारात येऊन उभी राहिली. तिच्या मास्कची वरची कड ओली झाली होती. आम्हाला कळलं.

कुणी रडलं नाही लगेच. रोल सुरू झाला होता. मशीन कुणासाठी थांबत नाही. मी ट्रायलचा खाना उघडला आणि टाइप केलं, 'बॉयलरवाले काका गेले. सुट्टी मागितली होती. मिळाली नाही.'

दुसरं काही सुचेचना. मालाच्या खान्यात आधीच लिहून ठेवलेलं होतं, वजनकाटा लपवून ठेवा वगैरे काहीतरी.

तेवढ्यात माझा फोन वाजला. थर्मास.

"ऐकलं. वाईट झालं. हे बघ, स्टाफ जरा डाऊन असेल, तर आजची ओळ खास पाहिजे. खळखळून हसले पाहिजेत लोक."

मी त्याला काय बोललो ते आठवत नाही. बोलायच्या आधीच त्यानं फोन ठेवला होता बहुतेक. मी मशीन सोडून तडक ऑफिसात गेलो, त्याच्या केबिनच्या दारावर लाथ मारली. केबिन रिकामी. अर्थातच रिकामी, तो घरी होता. खुर्चीला अजून प्लास्टिक होतं. मग बॉयलरकडे गेलो. बदलीवर आलेल्या माणसाला काकांच्या खुर्चीत बसवेना, तो उभाच होता. मी पण त्याच्या शेजारी उभा राहिलो.

आणि मी बटण दाबलंच नाही.

मागं ताईनं शिवण दाबून बघितली, चांगली होती. ती "माल" म्हणाली. मी तिथं नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. रोज पिशवी पिशवी वाचणाऱ्या बायका, त्या दिवशी एकीनंही वाचलं नाही. खाली मान घालून क्रेट भरत राहिल्या. डोळ्यांत पाणी असलं की अक्षरं कुठे दिसतात. मी परत आलो तेव्हा दुधाच्या गाड्या गेल्या होत्या. सगळ्या. सगळ्या गावभर माझी ट्रायलची ओळ.

दुसऱ्या दिवशी फोनवालीचा फोन बंदच होईना. कुणी हसत नव्हतं. काका कोण? त्यांच्या घरी कोण आहे? सुट्टी का नाही दिली? एकजण नुसताच विचारत होता, "का पण? का?" ही बिचारी काय सांगणार. त्या आजींचाही फोन आला. म्हणाल्या, "आज मी ह्यांना खोटंच वाचून दाखवलं, बाई. पण पिशवी कापवेना. तशीच फ्रिजमध्ये ठेवलीय."

आणि थर्मास आला. हो, स्वतः. कितीतरी दिवसांनी. डबल मास्क, वर चेहऱ्याला काच, हातात मोजे. चंद्रावर उतरल्यासारखा पावलं टाकत आला.

"हे तू मुद्दाम केलंस."

"नाही," मी म्हटलं. "मुद्दाम करायला पाहिजे होतं. चुकून झालं."

"लोक विचारतायत! माझ्या घरी फोन येतायत! घरी!" काचेवर आतून वाफ धरली. "आज दुरुस्ती छापायची. मी सांगतो तसं. 'कालची ओळ गंमत होती. आमचे सर्व कर्मचारी ठणठणीत आहेत.'"

मी टाइप केलं. हो, केलं टाइप. पण ते ओळीत बसेना.

"बसत नाही साहेब."

"मग 'सर्व' काढ."

काढला. बसलं. 'आमचे कर्मचारी ठणठणीत आहेत.' मी त्याच्याकडे बघितलं, पण त्याला काही वाटलंच नाही. वाटलं असतं तरी काचेमागं दिसलं नसतं.

"गंमत कसली साहेब, माणूस गेलाय," मी म्हटलं.

तो जवळ आला आणि परत लांब गेला, अंतराची आठवण होऊन. आवाज मऊ केला. तोच, काकांशी केलेला. "हे बघ. तू हुशार आहेस. तुझं ते काय होतं... बहिणीचं काहीतरी. ते करून टाकू. आज हे एवढं नीट जाऊ दे."

बहिणीचं काहीतरी! त्याला माहीतही नव्हतं काय ते. पण माझ्या डोळ्यांसमोर ताईचा पंप आला. आदल्या दिवशी घरी तिनं तो हलवून बघितला होता, किती उरलाय म्हणून. मी मनाशी म्हटलं, काका तर गेले. परत येणार नाहीत. ताई आहे. आणि दोन्ही खान्यांत तीच ओळ टाकली, ट्रायलच्याही आणि मालाच्याही. म्हणजे चूक व्हायला जागाच नको.

ताईला मी आधी सांगितलं नाही. ती मला तिथंच फोडून काढेल, हे माहीत होतं.

रोल सुरू झाला. पहिल्या पिशव्या पडल्या. ताईनं एक उचलली, शिवण दाबली. मग वाचली. परत वाचली. माझ्याकडे बघितलं. टोपी आणि मास्क यांच्यामध्ये तिचे नुसते डोळे. मी मान खाली घातली.

तिनं पिशवी फाडली आणि ड्रममध्ये ओतली.

पुढची आली. फाडली. पुढची. फाडली. शिवण मला इथून दिसत होती, एकदम पक्की. ती तरी फाडत होती. तिच्या पलीकडे सासू होती. तिनं एक पिशवी डोळ्यांजवळ धरून वाचली.

"अगं बाई," सासू म्हणाली. "ठणठणीत आहोत होय आपण?" आणि फाडली.

मग पुढची बाई. मग तिच्या पुढची. सगळी रांग फाडायला लागली. कुणी ओरडलं नाही, कुणी घोषणा दिली नाही. नुसता प्लास्टिक फाटल्याचा आवाज आणि दुधाची धार. बाहेर गाड्या उभ्या होत्या. एकानं हॉर्न दिला. मग दुसऱ्यानं.

थर्मास दारातून ओरडला, "काय चाललंय? क्रेट का भरत नाही?"

"ट्रायल चाललीय साहेब," ताई म्हणाली. हात थांबवला नाही.

"एवढा वेळ?"

"ओळ नीट येत नाहीये."

"ओळ? अगं, शिवण बघायची, ओळ कसली बघताय!"

"पिशवी गळतेय," ताई म्हणाली. "मी..." श्वास घेतला, "...'माल' म्हणेपर्यंत ट्रायल. इथला नियम आहे."

"कुणी केला नियम?"

"तुम्हीच," सासू म्हणाली. "भिंतीवर लावलाय. घरून दिसत नसेल."

मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि दोन्हीच्या वर राग. मी मशीन थांबवू शकत होतो. थांबवलं नाही. होऊ दे म्हटलं.

थर्मास तरातरा आत आला आणि ताईपुढं उभा राहिला. टोपी, मास्क, ॲप्रन, सगळ्या बायका त्याला सारख्याच. ही कोण, कुणाची बहीण, त्याला काय पत्ता.

"तूच चालू केलंस ना हे? बघतोय मी मघापासून. चल, हो बाजूला! आजपासून तू लाईनवर नाहीस. जा मागं शेडमध्ये, क्रेट धू! उन्हात उभी राहिलीस की डोकं येईल ठिकाणावर!"

सासूनं माझ्याकडे बघितलं. मी सासूकडे. रांगेत सगळ्यांना माहीत होतं मी काय मागत होतो ते, मी रोज सगळ्यांपुढं चरफडायचो ना.

ताईनं एका पिशवीचं राहिलेलं दूध ड्रममध्ये नीट ओतलं, हात पुसले.

"कायमचं का साहेब?" तिनं विचारलं.

"कायमचं!"

"नंतर परत बोलवाल."

"सगळ्यांसमोर सांगतो, पाऊल ठेवायचं नाही तू या खोलीत!"

"बरं," ताई म्हणाली, आणि मागचं दार ढकलून वाऱ्यात निघून गेली.

मागितलं तर बघतो, आणि चिडला की लगेच. मेहेरबानी म्हणून जे महिनोन्‌महिने निघालं नाही ते शिक्षा म्हणून एका श्वासात निघालं. आणि काका? काकांना पण कुणीतरी शिक्षा म्हणून घरी बसवायला पाहिजे होतं. हे डोक्यात आलं आणि मघाचं हसू गेलं ते गेलंच.

"चला आता, भरा क्रेट!" थर्मासनं टाळी वाजवली. मोज्यांमुळे आवाजच आला नाही.

सासूनं पिशवी उचलली आणि फाडली.

"अहो बाई!"

"ट्रायल चाललीय साहेब. 'माल' कोण म्हणणार? म्हणणारीला तर तुम्ही बाहेर काढलंत."

"मी म्हणतो! माल! माल!"

"तुमचं काम नाही ते," सासू म्हणाली, आणि मग ती खोकली. खरं खोकली की मुद्दाम, देव जाणे. मास्कच्या आत, कोपर तोंडापुढं धरून, अगदी नियमानं. पण खोल. पोटातून. पलीकडची बाई पण खोकली. तिच्यापलीकडची पण. थर्मास मागं सरकला, क्रेटला अडखळला, दारापर्यंत उलटाच गेला. बाहेर आता सगळेच हॉर्न वाजत होते.

"काय छापायचं ते छापा!" तो दाराबाहेरून किंचाळला. "पण गाड्या भरा! तुलाही बघतो मी!"

बघतो म्हणाला म्हणजे काही होणार नाही, हे आम्हाला अनुभवानं माहीत होतं.

"आणि उद्यापासून पॉझिटिव्ह!" जिन्यावरून आवाज आला.

"बघतो साहेब," मी म्हटलं.

मग मी मशीनपुढं उभा राहिलो. दोन्ही खाने पुसले. एवढं पुसल्यावर एकदम मोकळी ओळ समोर आली, पहिल्या दिवशी होती तशी. त्या दिवशी मला ती बघवली नव्हती म्हणून मी गंमत लिहिली होती. आज गंमत सुचत होती, खोटं नाही सांगत, मॅनेजरच्या काचेवर, मोज्यांवर, टाळीवर. काका पोट धरून हसले असते. नाही लिहिली. दोन्ही खान्यांत टाइप केलं, 'कालचं खरं आहे. आज विनोदाला सुट्टी. काकांना नव्हती.'

बरोबर बसली. एकही शब्द काढावा लागला नाही.

पिशवी पडली. सासूनं उचलली, वाचली. फाडली नाही. पण क्रेटमध्येही ठेवली नाही. दोन्ही हातांत धरून, थेंब सांडू नये अशी, मागच्या दारापर्यंत गेली आणि दार पायानं उघडून धरलं. बाहेर ऊन होतं. पाण्याचा पाइप चालू होता. ताईचा मास्क हनुवटीवर होता, आजूबाजूला माणूस नव्हता. हात ओले होते म्हणून तिनं पिशवी घेतली नाही, सासूनंच तिच्या डोळ्यांपुढं धरली. ताईनं वाचली. मग बोटानं शिवण दाबली. सवयीनं.

रांग थांबली होती. पिशव्या पडून पडून ढीग झाला होता. माझं बोट बटणावर.

ताईनं छाती भरून श्वास घेतला. एवढा मोठा श्वास घेताना मी तिला कधी बघितलं नव्हतं.

"माल!"

एका तुकड्यात आला. पार गाड्यांपर्यंत गेला असेल.

मी बटण दाबलं.